वशिल्याचा पायलट

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की होस्टेलच्या मेसमध्ये एक शब्द हमखास कानावर पडतो. वशिला! अमक्याचे काका कंपनीत आहेत, तमक्याच्या वडिलांची एच.आर.मध्ये ओळख आहे, म्हणून त्यांचं झालं. आपलं कोण आहे तिथे? मग चहा थंड होईपर्यंत चर्चा रंगते. एक पार्टी म्हणते की जगात सगळं ओळखीवरच चालतं. दुसरी म्हणते की अंगात दम असेल तर ओळख लागतच नाही. दोन्ही पार्ट्या मोठ्या ठामपणे बोलतात आणि रूमवर जाऊन झोपतात.

या वादासाठी एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याचं 'द लिटल प्रिन्स' हे चिमुकलं पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. निदान गळ्यात मफलर गुंडाळलेला, सोनेरी केसांचा तो छोटा राजपुत्र कुठल्यातरी कार्डावर किंवा टी-शर्टवर नक्की पाहिला असेल. लेखकाचं नाव आंत्वान द सँत-एक्झ्युपेरी. हे नाव उच्चारताना आपली जीभ अडखळते, म्हणून त्याच्या मित्रांसारखं आपणही त्याला सँतेक्स म्हणू. जग त्याला लेखक म्हणून ओळखतं. पण ज्या अनुभवांवर त्याची पुस्तकं उभी राहिली ते त्याला मिळाले एका एअरलाइनच्या नोकरीत. आणि ही पायलटची नोकरी त्याला लागली ती चक्क वशिल्याने!

घराणं मोठं, खिसा रिकामा

सँतेक्सचा जन्म २९ जून १९०० रोजी फ्रान्समधल्या लियाँ शहरात झाला. घराणं सरदारी, पण तो चार वर्षांचा होण्याआधीच वडील वारले. पाच मुलांना घेऊन आई नातेवाइकांच्या आधाराने राहिली. सुट्ट्या जायच्या सँ-मोरिस गावच्या मोठ्या वाड्यात. तिथून जवळच आंबेरिओचं विमानतळ होतं. पोरगा सायकल दामटत तिथे जायचा आणि मेकॅनिकांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचा. १९१२ साली, म्हणजे बाराव्या वर्षी, एका पायलटने त्याला पहिल्यांदा आकाशात नेलं. आईने परवानगी दिली आहे अशी थाप त्याने मारली होती असं सांगतात!

शाळेत तो हुशार पण बेशिस्त म्हणून प्रसिद्ध होता. पुढे पॅरिसला नौदलाच्या अकादमीच्या प्रवेश परीक्षेची तयारी केली आणि नापास झाला. मग आर्किटेक्चरच्या वर्गात काही महिने नुसताच जाऊन बसला. १९२१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत स्ट्रासबर्गच्या हवाई तुकडीत भरती झाला, पण जमिनीवरच्या कामाला. विमान चालवायला मिळेना. तेव्हा त्याने आईकडून पैसे मागवले आणि खाजगी शिकवणी लावून पायलटचं लायसन्स काढलं. त्यानंतर मोरोक्कोत लष्करी पायलटचं प्रशिक्षणही पूर्ण केलं.

सगळं मार्गी लागतंय असं वाटत असतानाच १९२३ मध्ये पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावर त्याचं विमान आपटलं. कवटीला मार बसला. त्याच सुमारास त्याचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या सासरच्या मंडळींना रोज जीव धोक्यात घालणारा जावई नको होता. पोरीसाठी गड्याने हवाई दल सोडलं आणि कौलं बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात टेबलाशी बसला. पुढे ते लग्न मोडलं ते मोडलंच. नोकरी गेली, मुलगीही गेली!

मग त्याने सोरेर कंपनीचे ट्रक विकायचं काम धरलं. सूटकेस घेऊन गावोगाव फिरायचं, लॉजवर उतरायचं, गिऱ्हाइकाला ट्रकचे गुण सांगायचे. एवढ्या वणवणीत त्याने म्हणे एकच ट्रक विकला. सव्विसाव्या वर्षी सँतेक्सचा बायोडाटा असा होता : प्रवेश परीक्षेत नापास, आर्किटेक्चर अर्धवट, एक अपघात, एक मोडलेलं लग्न आणि एक ट्रक. आपल्याकडच्या कुठल्याही एच.आर.ने हा कागद पहिल्या फेरीतच बाजूला ठेवला असता.

फादरांची शिफारस

पण त्याच्याकडे एक गोष्ट होती. ओळखी! पॅरिसमध्ये त्याच्या एका नातेवाईक बाईंकडे लेखक-प्रकाशकांची ऊठबस असे. तिथे त्याची जाँ प्रेव्हो या तरुण लेखकाशी गाठ पडली आणि १९२६ मध्ये प्रेव्होच्याच मासिकात त्याची वैमानिकावरची पहिली कथा छापून आली. म्हणजे लेखक म्हणूनही त्याला पहिला दरवाजा ओळखीनेच उघडला.

दुसरा दरवाजा उघडला एका धर्मगुरूंनी. फादर स्युदूर हे पॅरिसच्या बोस्युए शाळेतले त्याचे जुने शिक्षक. मुलगा भरकटतोय हे त्यांना दिसत होतं आणि त्याचं मन कुठे आहे हेही ठाऊक होतं. लातेकोएर या विमान कंपनीचे एक मोठे अधिकारी बेप्पो द मास्सिमी हे फादरांच्या ओळखीचे होते. फादरांनी शब्द टाकला. मास्सिमींनी मुलाला भेटायला बोलावलं.

इथे जरा थांबून एक गोष्ट बघू. फादर स्युदूर यांना विमानातलं काय कळत होतं? काहीच नाही. हा पोरगा उत्तम पायलट आहे असं ते सांगूच शकत नव्हते. ते एवढंच सांगू शकत होते की मी याला शाळेपासून ओळखतो, हा असा असा माणूस आहे, याला एकदा बघा. एम.एस.साठी रेको घ्यायला आपल्याकडे सरांच्या केबिनबाहेर रांग लागते, तेव्हा अनेकदा मजकूर विद्यार्थीच टाइप करून आणतो आणि सर घाईत खाली सही करतात. त्या कागदाला सही असते, ओळख नसते. फादरांच्या शब्दामागे कित्येक वर्षांची ओळख होती. मास्सिमींनी त्या शब्दाला किंमत दिली ती त्यामुळे.

मास्सिमींना तो आवडला. पुढे कंपनीच्या कारभारात हा मुलगा उपयोगी पडेल असं त्यांच्या मनात आलं. सँतेक्सला मात्र ऑफिस नको होतं, उडायचं होतं. मास्सिमींनी त्याला पॅरिसहून दक्षिणेला तुलूझला धाडलं. कारण पायलट घ्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस तिथे बसत होता. त्याच्यापुढे वशिल्याचं काम संपत होतं.

दोरा साहेबांचा वर्कशॉप

आधी ही कंपनी काय होती ते पाहू. पिएर लातेकोएर या कारखानदाराने पहिलं महायुद्ध संपता संपता तुलूझहून आफ्रिकेकडे विमानाने टपाल न्यायचं ठरवलं. २५ डिसेंबर १९१८ ला तुलूझ ते बार्सिलोना पहिलं चाचणी उड्डाण झालं. वर्षभरात मोरोक्को गाठलं, १९२५ मध्ये वाळवंट ओलांडून डाकार. त्या काळी एअरलाइन म्हणजे मुख्यतः टपाल. प्रवासी असला तर असला. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराची-मुंबई सेवा सुरू केली तीही टपालासाठीच.

या लाइनवर वापरात होती ब्रेगे-१४ ही युद्धातून उरलेली विमानं. एकच इंजिन, ३०० हॉर्सपॉवरचं. पायलटच्या डोक्यावर छप्पर नाही, सोबत रेडिओ नाही. इंजिन कधी दगा देईल याचा नेम नाही. खाली पिरेनीजचे डोंगर, पुढे समुद्र, त्यापुढे सहारा. वाळवंटात उतरावं लागलं तर तिथल्या टोळ्या पायलटला पकडून खंडणी मागत, कधी ठारही मारत. या लाइनच्या कारकिर्दीत शंभराहून जास्त माणसं कामावर गेली ती परत आली नाहीत.

हे सगळं चालवत होते दिदिए दोरा. महायुद्धात लढलेले पायलट, बुटके, कमी बोलणारे, महाकडक. उशीर झाला तर दंड. हवामान खराब होतं, इंजिन कुरकुरत होतं, ही कारणं चालत नसत. टपाल वेळेत पोचलं पाहिजे! आपल्याकडच्या एखाद्या खडूस एच.ओ.डी.ची आठवण झाली असेल तर ती बरोबरच आहे. फरक एवढाच की इथे सबमिशन चुकलं तर माणूस मरत होता.

ऑक्टोबर १९२६ मध्ये सँतेक्स मोंतोद्राँच्या मैदानावर दोरांसमोर उभा राहिला. सरदारी आडनाव, पॅरिसमधल्या ओळखी, मासिकात छापून आलेली कथा आणि वरून आलेली शिफारस. दोरांना यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. त्यांनी पाहिलं की याचे उड्डाणाचे तास बेताचेच आहेत. त्यांनी त्याला परत पाठवलं नाही आणि विमानही दिलं नाही. त्यांनी त्याला बॉयलर सूट दिला. वर्कशॉपमध्ये जा, सांगितलं.

झालं! काउंट घराण्याचा वारस मेकॅनिकांबरोबर इंजिनं खोलू लागला. सिलिंडर काढायचे, काजळी खरवडायची, रॉकेलमध्ये धुवायचे, पुन्हा बसवायचे. हात काळे, नखं काळी. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासताना आपण जी कुरकुर करतो ती आठवा. मला कॉम्प्युटरला जायचंय, मी फायलिंग का करू? दोरांकडे याचं सरळ उत्तर होतं. वाळवंटात इंजिन बंद पडल्यावर मेकॅनिक हाकेच्या अंतरावर नसणार. आणि दुसरं, न बोललेलं उत्तर असं की ज्याला हे काम हलकं वाटतं त्याच्या हातात लोकांची टपालाची थैली द्यायची नाही.

यातली खरी गंमत पुढेच आहे. हा नियम वशिल्याच्या पोराला धडा शिकवण्यासाठी केलेला नव्हता. तो सगळ्यांना होता!

ज्याचं कोणी नव्हतं तो

सँतेक्सच्या दोन वर्षं आधी, १९२४ मध्ये, याच मैदानावर जाँ मेर्मोझ नावाचा तरुण आला होता. त्याच्यामागे ना घराणं, ना फादर. सीरियात लष्करी पायलट म्हणून त्याने सुमारे सहाशे तास उड्डाण केलं होतं. सैन्यातून सुटल्यावर पॅरिसमध्ये नोकरीसाठी महिनोन्महिने दारं ठोठावली. मिळेल ते काम केलं, उपाशी राहिला, बेघरांच्या निवाऱ्यात झोपला. शेवटी अर्जाच्या जोरावर त्याला तुलूझचं बोलावणं आलं.

दोरांनी त्यालाही तोच बॉयलर सूट दिला, तेच सिलिंडर दिले. काही आठवड्यांनी विमानाची चाचणी घ्यायची वेळ आली. मेर्मोझने ठरवलं की आता दाखवूनच देऊ. वर जाऊन त्याने कोलांट्या मारल्या, गिरक्या घेतल्या, झोकात खाली उतरला. दोरा तोवर मैदान सोडून निघालेही होते. त्यांना सर्कसवाला नको होता, टपाल नेणारा हवा होता. मेर्मोझचा पारा चढला, तो सामान बांधायला निघाला. शेवटी दोरांनी त्याला पुन्हा एकदा वर पाठवलं, सरळ उडून सरळ उतरायला. तो तसा उडाला आणि पास झाला. हाच मेर्मोझ १९३० मध्ये दक्षिण अटलांटिक ओलांडून टपाल नेणारा वीर ठरला. ७ डिसेंबर १९३६ ला त्याच समुद्रावर तो नाहीसा झाला.

आता मेसमधला वाद या दोघांसमोर ठेवून बघा. वशिला नव्हता म्हणून मेर्मोझला उपाशी राहावं लागलं, हे खरंच आहे. सँतेक्सला ते दिवस काढावे लागले नाहीत. तासांचा हिशेब केला तर मेर्मोझ कितीतरी वरचढ, तरी फरफट झाली त्याची. हा अन्याय नाकारण्यात अर्थ नाही. पण मोंतोद्राँच्या फाटकाच्या आत आल्यावर दोघांचे सिलिंडर सारखेच काळे होते. शिफारस माणसाला फाटकापर्यंत आणते. फाटकाच्या आत दोरांसारखा कोणी बसला आहे की नाही, यावर सगळं ठरतं. दोरा नसतील तर वशिल्याचा पोरगा थेट कॉकपिटमध्ये बसतो, आणि मग विमानाचं जे होईल ते होईल.

गियोमेच्या खोलीतली रात्र

काही आठवड्यांनी सँतेक्सला टपाल घेऊन स्पेनकडे जायचा हुकूम आला. तुलूझमधल्या ग्राँ बाल्कोन या साध्या हॉटेलात कंपनीचे पायलट राहत. एका अर्थी ते त्यांचं होस्टेलच! पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री नवखा सँतेक्स घाबरलेला होता. तो आपल्या मित्राकडे गेला, आंरी गियोमेकडे. गियोमे शेतकऱ्याचा मुलगा, अबोल, आणि लाइनवर मुरलेला.

गियोमेने नकाशा पसरला. पण त्याने शहरं, नद्या, लोकसंख्या असलं काही सांगितलं नाही. एका शेताच्या कडेला असलेली संत्र्याची तीन झाडं दाखवली. डोंगरातलं एक एकाकी घर दाखवलं, जिथलं जोडपं अडल्यानडल्याला मदत करेल. गवतात लपलेला एक ओढा दाखवला, उतरायला छान वाटणाऱ्या मैदानात नेमका आडवा येणारा. त्यावर खूण करून ठेवायला सांगितलं. भूगोलाच्या पुस्तकात नसलेला स्पेन त्या रात्री एका सिनियरने ज्युनियरच्या नकाशावर उतरवला.

सँतेक्सने हा प्रसंग पुढे आपल्या पुस्तकात लिहिला म्हणून आपल्याला कळला. फादर स्युदूर यांनी दिली ती शिफारस. गियोमेने दिलं ते काय? त्याला आपल्याकडे चांगला शब्द नाही. ओळखीची ती जात वेगळी. नोकरी लावून देत नाही, पण लागलेल्या नोकरीत जीव वाचवते. परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स घेऊन ज्युनियरच्या खोलीत बसणारा सिनियर ज्याला भेटला असेल त्याला हे समजेल.

वाळवंटातला स्टेशन मास्तर

१९२७ मध्ये सँतेक्सला आफ्रिकेच्या टापूत पाठवलं. तिथे विमानं जोडीने उडत, म्हणजे एक पडलं तर दुसरं उतरून पायलटला उचलेल. वर्ष संपायच्या आत दोरांनी त्याला केप ज्युबी या ठाण्याचा प्रमुख केलं. एका बाजूला समुद्र, तिन्ही बाजूंना वाळू, शेजारी स्पॅनिश किल्ला. राहायला लाकडी खोपटं. स्पॅनिश अधिकारी फ्रेंचांवर खार खाऊन आणि बाहेरच्या टोळ्या दोघांवरही. आज हे ठिकाण मोरोक्कोत आहे, नाव तारफाया.

दोरांनी नेमकं ओळखलं होतं. लाइनवर याच्यापेक्षा कसलेले पायलट होते, पण माणसांशी जुळवून घेणारा असा दुसरा नव्हता. सँतेक्स अरबी शिकू लागला, टोळीप्रमुखांच्या तंबूत जाऊन चहा पिऊ लागला, स्पॅनिश अधिकाऱ्यांशी बुद्धिबळ खेळू लागला. कुठलं विमान पडलं की हा शोधायला निघालाच. पकडले गेलेले सहकारी सोडवण्यासाठी वाटाघाटी करायच्या, मोडकी विमानं वाळूतून काढून आणायची, हेही त्याचंच काम. याबद्दल फ्रान्स सरकारने १९३० मध्ये त्याला लिजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. ट्रक न विकू शकलेला हाच तो माणूस! त्याच खोपट्यात त्याने रात्री जागून पहिली कादंबरी लिहिली.

१९२९ च्या अखेरीस तो अर्जेंटिनाला गेला, तिथल्या टपाल कंपनीचा व्यवस्थापक म्हणून. पॅटागोनियाच्या भन्नाट वाऱ्यात नवीन मार्ग आखले. जून १९३० मध्ये गियोमेचं विमान अँडीज पर्वतात पडलं. सँतेक्स पाच दिवस त्या शिखरांवरून घिरट्या घालत त्याला शोधत होता. गियोमे पाच दिवस आणि चार रात्री बर्फातून चालत एकटाच खाली आला. नकाशावर संत्र्याची झाडं दाखवणारा माणूस स्वतः मात्र नकाशाशिवाय चालत राहिला होता.

नाव झालं, सीट गेली

१९३१ मध्ये त्याची दुसरी कादंबरी आली. रात्रीच्या टपाल उड्डाणांवरची. ती त्याने दिदिए दोरा यांना अर्पण केली, आणि तिचा कडक नायक बेतला होता तोही दोरांवरच. आंद्रे जीदसारख्या बड्या लेखकाने प्रस्तावना लिहिली, फेमिना पुरस्कार मिळाला, सँतेक्स रातोरात प्रसिद्ध झाला.

पण नेमकी त्याच वर्षी कंपनी बुडाली. एव्हाना तिची मालकी बदलून नाव एरोपोस्ताल झालं होतं. पैशांचे घोटाळे, राजकारण, गटबाजी. दोरांनाही बाहेर पडावं लागलं. कामगारांत आणि पायलटांत दोन तट पडले आणि ज्याने दोरांना नायक केलं तो सँतेक्स अनेकांना नकोसा झाला. जुने सोबती तोंड फिरवू लागले. हे दुःख त्याने गियोमेला पत्रातून कळवलं होतं.

१९३३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्या मिळून एअर फ्रान्स उभी राहिली. आता बघा. देशभर नाव, सरकारी सन्मान, वाळवंटाचा अनुभव, बड्या बड्या ओळखी. तरी एअर फ्रान्समध्ये त्याला लाइन पायलटची सीट मिळाली नाही! मधल्या काळात लातेकोएरच्या कारखान्यात नव्या विमानांच्या चाचण्या घेताना तो बुडता बुडता वाचला. १९३४ मध्ये एअर फ्रान्सने त्याला घेतलं ते प्रसिद्धी विभागात, भाषणं द्यायला. सव्विसाव्या वर्षी एका साध्या शाळामास्तराच्या शब्दाने जे मिळालं होतं ते चौतिसाव्या वर्षी सगळ्या पॅरिसच्या ओळखींनी मिळालं नाही. ओळखीचं हे असं असतं. वारा तुमच्या बाजूने असतो तोवर ती शिफारस, वारा फिरला की तोच ठपका.

तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. इंजिनिअरिंगचं शिक्षण नसताना विमान चालवण्या-उतरवण्याच्या उपकरणांवर त्याने पेटंटं घेतली. डिसेंबर १९३५ मध्ये पॅरिस ते सायगाव हा विक्रम करायला निघाला आणि इजिप्तच्या वाळवंटात आदळला. तो आणि मेकॅनिक प्रेव्हो तहानेने मरणाच्या दारात असताना एका बदाऊनी उंटस्वाराने त्यांना वाचवलं. वाचवताना त्याने नाव विचारलं नाही की कोणाच्या ओळखीचे तेही विचारलं नाही.

शेवटचे वशिले

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. सँतेक्स एकोणचाळीस वर्षांचा. अपघातांनी अंग खिळखिळं झालेलं. डॉक्टरांनी लढाऊ उड्डाणासाठी अपात्र ठरवलं आणि तुलूझला शिकवायच्या सुरक्षित कामावर नेमलं. मग हा माणूस ओळखी काढू लागला. इथे त्याची गोष्ट उलटी होते. एरवी लोक आघाडी टाळायला वशिला लावतात. याने लावला तो आघाडीवर जायला! टेहळणी करणाऱ्या २/३३ या तुकडीत तो दाखल झाला. मे १९४० च्या पराभवात या तुकडीच्या २३ पैकी १७ चमू परत आले नाहीत, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भूमध्य समुद्रावर गियोमेचं विमान पाडलं गेलं.

फ्रान्स हरल्यावर तो न्यूयॉर्कला गेला. 'द लिटल प्रिन्स' तिथेच एप्रिल १९४३ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याच सुमारास लेखक उत्तर आफ्रिकेकडे रवाना झाला, आपल्या जुन्या तुकडीत परतायला. आता विमान होतं अमेरिकन लाइटनिंग. त्यासाठीची वयोमर्यादा त्याने केव्हाच ओलांडली होती. मदतीशिवाय फ्लाइंग सूटही अंगात चढत नसे. ऑगस्ट १९४३ मध्ये उतरताना त्याचं विमान धावपट्टी सोडून पुढे गेलं आणि त्याला जमिनीवर बसवलं गेलं.

आठेक महिने तो भेटेल त्याला गळ घालत होता. शेवटी अमेरिकन जनरल ईकर यांनी फक्त पाच उड्डाणांची परवानगी दिली. पाच संपली तरी तो उडतच राहिला. ३१ जुलै १९४४ च्या सकाळी कॉर्सिका बेटावरून फ्रान्सवर टेहळणीसाठी निघाला आणि परतला नाही. १९९८ मध्ये मार्सेजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात त्याच्या नावाचं ब्रेसलेट आलं. त्या भागात समुद्रतळाशी सापडलेले विमानाचे अवशेष त्याचेच असल्याचं २००४ मध्ये नक्की झालं.

मित्रांनो, या शेवटच्या वशिल्यांचं काय म्हणावं? ज्यांनी शब्द टाकला त्यांनी त्याचं भलं केलं की वाईट? फादर स्युदूर यांच्या शब्दाने तो दोरांसमोर उभा राहिला आणि दोरांनी त्याला आधी वर्कशॉप दाखवला. शेवटी मात्र त्याला वर्कशॉपकडे वळवणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याच्या नावाला आणि आग्रहाला बळी पडले. शिफारस करणं म्हणजे उपकार करून हात झटकणं नव्हे. पुढे जे घडेल त्यात आपलाही थोडा वाटा असतो, हे रेकोवर सही करणाऱ्या सरांनीही ध्यानात ठेवावं आणि ती मागणाऱ्यांनीही.

आज लियाँच्या विमानतळाला सँतेक्सचं नाव आहे. तुलूझला मोंतोद्राँच्या जुन्या इमारतींमध्ये २०१८ पासून म्युझियम आहे. मेर्मोझ, गियोमे आणि सँतेक्स, तिघांची नावं तिथे शेजारीशेजारी घेतली जातात. कोण ओळखीने आला आणि कोण उपाशीपोटी चालत आला, याची चौकशी आता कोणी करत नाही. तेव्हाही दोरा साहेबांनी केली नव्हती. तुमच्यापैकी जे उद्या कंपन्यांत इंटरव्ह्यूच्या टेबलापलीकडे बसतील त्यांनी तेवढं एक लक्षात ठेवा. ओळखीने आलेल्याला हाकलू नका, बिनओळखीच्याला ताटकळत ठेवू नका. दोघांनाही सिलिंडर द्या.